बियाण्याची सावली

बाळाप्पांनी सकाळी गुळाचं पाणी उकळून गार केलं, त्यात जिवाणूंचं पाकीट कालवलं आणि सोयाबीनच्या बियाला हलक्या हातानं चोळून सगळं बी सोप्यात, घराच्या पुढच्या पडवीत, पोत्यावर पसरलं.

"अगं, ह्यात जीव हाय बघ," ते बायकोला, अक्काताईला म्हणाले. "हवेतलं नत्र वढून पिकाच्या मुळाला देत्यात हे. पर ऊन लागलं की मरत्यात. सांजचं पेरूया, तवर सावलीतनं हलवू नगंस."

दुपारी त्यांच्या छातीत कळ आली आणि कोल्हापूरचा दवाखाना गाठायच्या आधी वाटेतच ते गेले.

त्यांना घेऊन गाडी माघारी दारात आली. लिंगायताच्या रीतीनं त्यांना भिंतीला टेकवून बसवायचं होतं, म्हणून धाकटा दीर प्रभुलिंग सोपा मोकळा करायला लागला. बियाचं पोतं त्यानं अंगणाकडं ओढलं. बाहेर कडक ऊन होतं.

अक्काताई धावत येऊन पोत्यावर आडवी पडली.

"भावजी, उन्हात न्हाय! बी हितंच ऱ्हाऊ दे."

"वैनी, मग दादाला काय उन्हात बसवू व्हय?"

तिनं एकदा बियाकडं बघितलं, एकदा गाडीकडं.

"बसवा. त्यास्नी आता ऊन लागत न्हाय."

अंगणात बाळाप्पांना खुर्चीवर बसवलं. अक्काताई त्यांच्यामागं जाऊन उभी राहिली आणि त्यांना उचलेपर्यंत तिनं त्यांच्या डोक्यावर धरलेला पदर काही खाली घेतला नाही.