भिंतीला न टेकणारी लिफ्ट

"पास्कू, तुझं घर हेरिटेज! तिथे लिफ्टला परवानगी मिळाली, तर अर्धी मिशी भर वाडीत उतरवीन!" शेजारच्या दिगूने खालून पैज लावली.

"वस्तरा मीच धरणार हां!" वरच्या गॅलरीतून व्हीलचेअरवरचा पास्कू ओरडला. लकवा झाल्यापासून तो जिना उतरलाच नव्हता.

पाहणीला हेरिटेज समितीचे साहेब आले. कोरीव गॅलरी, लाकडी जिना बघून म्हणाले, "जुन्या भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नाही." पास्कूने गपचूप खुर्ची आत वळवली. ते बघून पैज जिंकत आलेला दिगूच पुढे झाला.

"साहेब, मागच्या दाराशी लिफ्ट स्वतःच्याच खांबांवर उभी केली तर? भिंतीला हात नाही लावायचा. उद्या काढली, तरी घर जसंच्या तसं."

साहेब विचारात पडले. "हे चालेल. नकाशा आणा."

"अहो, मिशी?" बायकोने दिगूला कोपर मारलं.

"उगवेल गं परत."

नाताळच्या आदल्या सकाळी लिफ्ट पास्कूला घेऊन खाली आली. क्रूसाजवळ अख्खी वाडी जमली. पास्कूला हुंदका आवरेना, पण वस्तरा त्याने सोडला नाही. दिगूने डोळे मिटून तोंड पुढे केलं.

"रडू नको रे पास्कू, नाक जाईल माझं!"