फाटकाची मोजणी

मालनने सुनेला सायकलच्या कॅरियरवर बसवून फाटकापर्यंत आणले, तेव्हा तिच्या कळा वाढल्या होत्या. दवाखाना रुळांच्या पलीकडे समोरच दिसत होता.

"गाडी थांबवण्याइतकी माणसं जमलेली नाहीत," फाटक नेहमीच्या गोड आवाजात म्हणाले. "कृपया थांबा."

"अरे मेल्या, पोरगी अडलीय!" मालन ओरडली. पण फाटकाला फक्त डोकी मोजायला शिकवले होते. गेटमन जाऊन वर्षे झाली होती, आणि चालकाविना धावणाऱ्या मालगाड्यांना उसंत नव्हती.

सुनेला खांबाशी टेकवून मालन वस्तीत धावली. भर दुपारी कामाची माणसे घरी नव्हतीच. "फाटकावर चला, नुसतं उभं राहा!" ती दारोदार ओरडत सुटली. म्हातारे काठ्या टेकत निघाले. आजारी उठले. बायका पोरे कडेवर घेऊन आल्या.

फाटक उघडले. सगळे सुनेला धरून निघाले, पण रुळांच्या मधोमध ती खाली बसली.

"आत्या, आता नाही उठवत."

"वेळ संपली आहे. रूळ मोकळे करा," फाटक म्हणाले. दूरवर भोंगा वाजला.

दम्याने बेजार इलाही चाचा तिथेच रुळावर बसले. "मोज म्हणावं आता," ते धापा टाकत म्हणाले. मग एकेक करून सगळेच बसले. बायकांनी पदरांचा आडोसा केला. रूळ थरथरू लागले.

ब्रेक कर्कश किंचाळले आणि गाडी अगदी जवळ येऊन थांबली. मालनने वर पाहिलेच नाही. बाळाचे डोके तिच्या तळहातांत आले होते.