यंत्रापुढे आसिमिना

जेसीबीचं तोंड गुडघ्यांपासून हातभर अंतरावर येऊन थांबलं, तरी आसिमिना वाळूवरून उठली नाही.

लाम्ब्रोसने इंजिन बंद केलं आणि खाली उडी मारली. तो तिच्या बहिणीचा मुलगा. ग्रीसमधल्या पेलोपोनीसच्या त्या किनाऱ्यावर असली यंत्रं तोच चालवायचा.

“मावशी, ऊठ. लोक बघताहेत.”

“बघू देत. माझ्या मागे कासवाचं घरटं आहे. काल रात्रीच अंडी घातलीत तिने.”

“कोर्टाचा हुकूम आहे माझ्याकडे.”

“मला दाखवू नकोस. शब्द न शब्द पाठ आहे.”

“अगं, दुसरीकडून वाट नाही. इथूनच जावं लागणार.”

“मग जा माझ्यावरून. संध्याकाळी आईला काय सांगायचं, तेवढं ठरवून ठेव.”

लाम्ब्रोसने कपाळावरचा घाम पुसला. “खेचर बरं तुझ्यापेक्षा!”

“तुझ्या आईची बहीण आहे मी.”

ऊन चढलं. वाळू चटके देऊ लागली. पोलीस आले, घरटं बघून वरिष्ठांना फोन लावत बसले. आसिमिनाचे ओठ सुकले होते, पण पाठ ताठच होती.

दुपारी तिच्या पाठीमागच्या हॉटेलातून मालक क्लेआंथिस स्वतः वाळू तुडवत आला. किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या सपाट करून बांधलेलं पाचमजली हॉटेल होतं ते. दोघांचं वैर गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आता जुंपणार, म्हणून लाम्ब्रोस पुढे सरसावला.

पण क्लेआंथिसने बगलेतली मोठी छत्री तिच्या डोक्यावर सावली पडेल अशी रोवली आणि गार कॉफीचा ग्लास पुढे केला.

“विष घातलंत का?” आसिमिनाने विचारलं.

“आज नाही.”

तिने ग्लास घेतला. तो तिच्या शेजारी, भारी पँटची पर्वा न करता, वाळूतच बसला.

“पिल्लं कधी बाहेर येतील?”

“सप्टेंबरात.”

“आणि तोवर हे यंत्र इथून पुढे सरकणार नाही?”

“वीतभरही नाही. वाळू दबली, तर एकही पिल्लू वर यायचं नाही.”

क्लेआंथिस तिच्याकडे वळला. “बाई, तुमचे उपकार कसे फेडू?”

“फेडू नका, सामान बांधायला घ्या,” आसिमिना म्हणाली. “तुमचं हॉटेल पाडायचा हा हुकूम मी बारा वर्षं भांडून मिळवलाय. सप्टेंबरपर्यंत थांबणं मला जड नाही.”