हातातलं सामान

स्वी लान वडिलांचा अस्थिकलश क्वालालंपूरहून सिबूला, त्यांच्या गावी नेत होती. त्यांच्यात मेलेल्या माणसाला वाटेत सगळं सांगत जावं लागतं, नाहीतर तो मागेच राहतो. म्हणून ती पुटपुटत होती, "पा, टॅक्सीतून उतरतोय. पा, विमानतळ आला."

काउंटरवरच्या मुलीने पिशवी काट्यावर ठेवायला लावली. "वजन जास्त आहे, आंटी. खाली सामानात जाईल."

"माझे वडील आहेत त्यात. मांडीवर घेऊन बसते."

"मांडीवर फक्त तान्ही मुलं चालतात. त्यांचेही पैसे पडतात."

रांगेतली एक म्हातारी फणकारली, "पाणी विकता, खिडकी विकता, आईशेजारी लेकराला बसवायचंही विकता. मेलेल्याला तरी सोडा!"

"मी काय करू, आजी? आमच्या विमान कंपनीच्या जुन्या मोठ्या साहेबांचा नियम आहे. एका रडणाऱ्याला सूट दिली की उद्या सगळेच रडत येतील, म्हणायचे."

स्वी लानने पिशवीची गाठ घट्ट केली आणि खाली वाकली.



"पा, तुम्हाला सामानात टाकताहेत. मी रडले नाही. नियम तुम्हीच केला होता."