ओठ जुळेनात

दुसऱ्या कडव्यात ताईचे ओठ गाण्याशी जुळेनात. धाकटीनं चित्र दोन फ्रेम मागे ढकललं, चार फ्रेम पुढे ओढलं आणि शेवटी वैतागून गाण्यालाच शिव्या घातल्या. सरावाचाच व्हिडिओ, पण उद्या एडिटिंगच्या वर्गात दाखवायचा होता, आणि सरांची नजर म्हणजे घारीची.

युक्ती वर्गातच शिकवलेली. गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं, समोरच्यानं तितक्याच घाईनं ओठ हलवायचे, आणि मग चित्र निम्म्या वेगावर आणायचं. ओठ बरोबर गाण्यावर बसतात, केस मात्र पाण्यात असल्यासारखे हलतात. काल गच्चीवर ते धावतं गाणं ऐकून सगळे पोट धरून हसले होते. भाऊजी सगळ्यांत जास्त. कॅमेऱ्याशेजारी स्पीकर धरून तेच उभे होते. ताई माहेरी आल्यापासून ते तिच्या जवळून हलले म्हणून नव्हते. "एवढं प्रेम करणारा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही," आई येताजाता म्हणायची.

धाकटीनं आवाज बंद केला आणि नुसते ओठ पाहिले. त्या जागी गाण्यात लांबलचक आलाप होता. आलापात तोंड उघडं राहतं. ताईचे ओठ मात्र मिटत होते, उघडत होते, पुन्हा मिटत होते. दुसऱ्या टेकमध्येही तसंच. तिसऱ्यातही, त्याच जागी, तेच शब्द.

मला परत पाठवू नका.

ताईला इतकं सावकाश करून बघणारं घरात दुसरं कोण होतं? आणि हे ताईला पक्कं ठाऊक होतं. धाकटीला भाऊजींची भीती वाटली, आणि त्याहून जास्त, आपण गप्प बसलो तर काय होईल याची.

"काय मेहुणीबाई, झाली का आमची बायको हिरॉईन?" ताईची बॅग खांद्याला अडकवून भाऊजी दारात उभे होते. "दाखवा की. निघायचंय आम्हाला."

"अजून जुळवायचंय, भाऊजी."

"बघू तरी."

ते खुर्चीच्या पाठीवर हात टेकून वाकले. धाकटीनं गाण्यासकट लावलं. न लावून करते काय? दुसरं कडवं आलं.

"हे बघ, इथं चुकलंय," भाऊजी म्हणाले. "गाण्यात आ-आ चाललंय आणि ही भलतंच काहीतरी बडबडतेय. परत लाव. काय म्हणतेय ही?"

मागे, दाराशी, ताई चपला घालून उभी होती. तिनं मान वर केली नाही.

सगळं पुसून टाकावं, लॅपटॉप मिटावा, पाहिलंच नाही म्हणावं, असं धाकटीला एकदा वाटून गेलं. मग तिनं मोठ्यानं हाक मारली, "आई! जरा इकडे ये ना."

"मला काय कळतंय त्यातलं?" आई ओले हात पुसत आली.

"कळायला नको. फक्त ताईच्या ओठांकडे बघ." धाकटीनं आवाज पुन्हा बंद केला.

आईनं कपाळावरचा चष्मा खाली घेतला. पडद्यावर ताई हळूहळू बोलू लागली. तिला बोलायला शिकवलं ते याच बाईनं. बघता बघता आईचेही ओठ हलू लागले. मिटले, उघडले, पुन्हा मिटले.

"काय हो आई, तुम्हीही गायला लागलात?" भाऊजी म्हणाले आणि मोठ्यानं हसले. बाकी कुणी हसलं नाही.

आईचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं वळून लेकीकडे पाहिलं, मग जावयाकडे.

"जावईबापू," ती म्हणाली. तिनं हात पुढे केला आणि त्यांच्या खांद्यावरच्या ताईच्या बॅगेचा पट्टा धरला. भाऊजींनी एक हिसका दिला, मग दुसरा. पट्टा सुटला नाही.