दिवे बंद झाल्यावर

ऐक ना, आधी नुसतं ऐक! एक मुलगी, दुर्बिणीच्या लॅबमध्ये नवीन. तिथे ताऱ्याचा प्रकाश केसाएवढ्या काचेच्या फायबरमधून यंत्रापर्यंत नेतात. ते फायबर ज्या पेटीत बसवतात ती कायमची सील करायच्या आधी फायबरमध्ये लाल लेझर सोडायचा आणि दिवे बंद करायचे. जिथे लाल दिसेल तिथे तडा, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश वाटेतच सांडणार. आणि सकाळीच हिच्या हातून ते फायबर जरा जास्तच वाकलं होतं!

"काय गं, थरथरतेस कशाला? मोडून ठेवलंस की काय?" सर म्हणजे साक्षात जमदग्नी.

"छे हो, सर," म्हणत तिने वाकलेल्या जागेवर गुपचूप तळहात ठेवला. दिवे बंद झाले. तिने हळूच हात उचलला, तर खाली मिट्ट काळोख. जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात समोर लाल दिसलं. काल सरांनी स्वतः जोडलेल्या सांध्यावर सरांचाच तळहात होता, आणि बोटांच्या फटी लालभडक पेटल्या होत्या.

"कुठे काही दिसत नाही ना गं?" सरांचा आवाज कापत होता. "करू ना सील?"

सांग, तू काय म्हणाली असतीस?