चौथं कडवं
आमच्या त्रिनिदादमध्ये कार्निव्हलच्या स्टेजवरून मंत्र्याची बिनपाण्याने हजामत केली, तरी गायकाच्या केसाला धक्का लागत नाही. ऑर्विलने तीन कडव्यांत मंत्री बॅप्टिस्टची अब्रू काढली. मैदान बेभान नाचलं. पहिल्या रांगेत बसलेल्या बॅप्टिस्टनेही टाळ्या वाजवल्या.

चौथं कडवं प्रेक्षकांवर होतं: "रमच्या बाटलीवर याला मतं दिली कोणी?"

गाणं नावडलं की आमचे लोक टॉयलेट पेपर भिरकावतात. त्या दिवशी रोलच्या रोल आले. ऑर्विल स्टेजमागे पळाला. तिथे बॅप्टिस्टने त्याच्या डोक्यावरचा कागद झटकला.

"अरे बाबा, मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, देश स्वतंत्र आहे. पण लोकांना खरं सांगतोस? वेडा की काय! तेवढं स्वातंत्र्य मलासुद्धा नाही."